ऑपरेटरबाईंचे दोन आवाज

पाणीपुरवठा कार्यालयात तिला सगळे बॅकअपबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. कुणाचा संगणक बसला, कुणाची फाइल उडाली, की ही येणार, खुर्ची ओढणार आणि पहिला प्रश्न विचारणार, “बॅकअप घेतला होता का?” समोरचा मान खाली घालणार. मग ही एक अक्षर न बोलता कामाला लागणार. ते न बोलणं असं असायचं, की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

घरीही तोच खाक्या. किल्ल्यांचा एक जुडगा शेजारी, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. नवी कढई आली म्हणून जुनी लगेच मोडीत जात नसे. नव्या कढईत चार वेळा भाजी न करपता झाली, की मग जुनीला रजा. एका वेळी एकच गोष्ट नवी, आणि काहीही टाकून देण्याआधी ते एकदा उघडून बघायचं, हे तिचे दोन नियम. नवरा चष्म्याच्या दुकानात काम करणारा, स्वभावानं गरीब. तो म्हणायचा, “माझ्याशी लग्न केलंस तेव्हा जुना कुठला ठेवला होतास बाजूला?” ती म्हणायची, “तुला काय ठाऊक, असेल.”

पण घरात राज्य तिचं नव्हतं. ते सासूबाईंचं होतं, आणि ते आवाजाच्या जोरावर चालायचं.

सासूबाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला तरी आळीत त्या ऑपरेटरबाईच राहिल्या. त्यांना दोन आवाज होते. एक बाहेरचा. कानाला हेडफोन लागला, हातात फोन आला, दारात परका माणूस उभा राहिला, की तो निघायचा. कडक इस्त्री केलेला, एक सुरकुती नाही. “क्षमा करा, लाइन व्यस्त आहे, आपण थोडं थांबता का?” असं ऐकून माणूस आनंदानं अर्धा तास थांबेल. दुसरा घरचा. तो बिनइस्त्रीचा, उंच, किंचित फाटलेला, आणि पहाटेपासून चालू. नळापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांचा उद्धार त्या आवाजात व्हायचा. माणसं कमी पडली तर त्या वस्तूंना झापायच्या. स्टुलाला म्हणायच्या, “मेल्या, एक दिवस पाय मोडशील माझा.” कुकरला म्हणायच्या, “ओरड, ओरड, तुझंच घर आहे.” आणि सगळ्यात जास्त, अर्थातच, सुनेला. “अगं ए” या हाकेनं तिचा दिवस सुरू व्हायचा आणि “झाकलंस का नीट?” या प्रश्नानं मावळायचा.

सूनही काही गरीब गाय नव्हती. उलट उत्तर तिच्या जिभेवर तयार असे. दोघींची भांडणं ठरलेली, त्यांचे शेवटही ठरलेले. कोण जिंकलं हे दोघींनाही आठवत नसे.

मग सासूबाईंचा घसा बसला आणि बसूनच राहिला. काढे झाले, वाफारे झाले. तपासण्या झाल्या. शेवटी शल्यचिकित्सक टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज नाही वाचणार.”

नवऱ्यानं खुर्चीची कड धरली. सुनेला ऐकू आलं, पण कळलं नाही. शब्द सगळे ओळखीचे होते, नुसते एकापुढे एक उभे होते. सासूबाईंनी मात्र बसलेल्या घशातूनही इस्त्रीच्या आवाजात विचारलं, “कधी करायचं, डॉक्टर?” आणि तारीख कळल्यावर म्हणाल्या, “आपले आभारी आहोत.” बाहेर लिफ्टमध्ये तिघं शिरली, दार लागलं, तशी घरच्या आवाजात खेकसल्या, “अगं, बटण दाब ना. खांबासारखी उभी काय राहिलीस?”

सून बटणांकडे बघत होती. कुठल्या मजल्यावर जायचं ते तिला आठवेना.

तिचं डोकं ताळ्यावर आलं ते दोन दिवसांनी, ऑफिसमध्ये. तिच्या वाचनात आलं, की लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती येऊ घातली आहे आणि तिच्यात एक सोय आहे. माणसानं आधी समोर येणारी वाक्यं वाचायची. त्यावरून लॅपटॉप त्याचा आवाज शिकतो. पुढे टाइप केलेलं काहीही त्याच आवाजात बोलून दाखवतो. अडचण एवढीच, की पक्की आवृत्ती यायची होती ऑपरेशननंतर. आज हाती होती ती बीटा, म्हणजे चाचणीची, कच्ची. कधी अडकेल, कधी काय गिळून बसेल याचा नेम नाही.

“मग टाक ना लगेच,” नवरा म्हणाला.

“जुनी पुसून? आणि ही कोसळली तर? तुझे लहानपणापासूनचे फोटो, घराची सगळी कागदपत्रं त्यात आहेत.”

तिनं ठरवलं, की जुन्या सिस्टिमला हात लावायचा नाही. आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, मग लॅपटॉपच्या डिस्कचे दोन भाग करायचे आणि बीटा बसवायची नुसती दुसऱ्या भागात. लॅपटॉप चालू करताना तोच विचारेल, जुनी उघडू की नवी. सासूबाईंना तिनं समजावलं, “एका घरात दोन बिऱ्हाडं समजा. मधे भिंत. एकाचं दुसऱ्याच्या स्वयंपाकात काही जात नाही.”

“मला सांगतेस?” सासूबाई बसलेल्या घशानं म्हणाल्या. “एका घरात दोन बिऱ्हाडं कशी राहतात ते मला नको शिकवूस.”

हे काम तिनं एका सुट्टीच्या दिवशी काढलं. नवरा दुकानात गेला होता. जेवणघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, बाहेरची डिस्क जोडली, प्रत घेणं सुरू केलं. ते रेंगाळत चाललं होतं. तेवढ्यात नवा हेडफोन तपासून घ्यावा म्हणून तिनं तो लावला. हेडफोनही नवा आणि सिस्टिमही नवी असं एकदम नको, म्हणून जुन्या सिस्टिमवरच रेकॉर्डिंग सुरू केलं, माइकमध्ये “एक, दोन, तीन” म्हणाली, आणि आतून हाक आली, “अगं ए, हा नळ कुणी उघडा टाकला?”

मग दुपार नेहमीसारखी गेली. नळावरून पाण्याच्या बिलावर, बिलावरून माहेरच्या वळणावर. सासूबाईंचा आवाज त्या दिवशी कुठून कोण जाणे, बऱ्यापैकी उघडला होता, आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला. मधे सून औषधाच्या दुकानात जाऊन आली. प्रत पूर्ण झाल्यावर तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. बंद होताना त्यानं विचारलं, उघडं आहे ते जतन करू का? तिनं न वाचताच हो म्हटलं. ‘जतन करू नका’ हे बटण तिच्या बोटांना माहीतच नव्हतं.

बीटा बसली. दोन दिवस तिनं तिला चालवून, थांबवून, छळून पाहिलं. मग सासूबाईंच्या डोक्यावर हेडफोन चढवला. त्यांनी तो सराईतपणे सारखा केला, पाठ ताठ केली आणि दाराकडे बोट दाखवलं.

“बाहेर जा. लाइनवर असताना मागे कुणी उभं राहायचं नाही. एक्सचेंजचा नियम आहे.”

रोज सकाळी दार लागायचं आणि थोड्या वेळानं उघडायचं. घसा बसलेला असूनही प्रत्येक वाक्यापुढे हिरवी खूण येत होती. उच्चार स्पष्ट, आवाज योग्य. सुनेनं एकदा विचारलं, “ऐकून बघू का एखादं?”

“काही गरज नाही. मुकी झाले की ऐक.”

सुनेनं त्या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती घेतल्या. एक बाहेरच्या डिस्कवर, एक ऑफिसच्या कुलुपात. ऐकलं मात्र एकही वाक्य नाही. हिरव्या खुणा बघून तिचं समाधान झालं, आणि खरं सांगायचं तर ऐकण्याचं धाडसही तिला होत नव्हतं.

ऑपरेशन झालं. सासूबाई घरी आल्या, गळ्याशी पातळ कापड बांधून. थोडी ताकद आल्यावर एका संध्याकाळी सुनेनं लॅपटॉप पुढे ठेवला. नवरा चहाचा कप घेऊन समोर बसला. सासूबाईंनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं आणि बटण दाबलं.

“सूनबाई, जरा पाणी देता का?”

खोलीत एक बाई बोलली होती. आवाज मऊ होता, स्वच्छ होता, वय नसलेला होता. प्रत्येक शब्द घडी घालून ठेवल्यासारखा. सून हबकली. इतक्या वर्षांत तिला कुणी या घरात ‘देता का’ म्हटलं नव्हतं. तिनं वळून दाराकडे पाहिलं, कुणी आलं आहे की काय.

नवऱ्याचा चहा बशीत सांडला होता. “हा... हा आवाज कुणाचा आहे?”

“आईंचाच,” सून म्हणाली. तिला स्वतःलाच ते पटेना.

“लहानपणी एकदा मला ताप भरला,” तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला. “शेजाऱ्यांच्या फोनवरून एक्सचेंजला फोन लावला. हाच आवाज आला. मी म्हटलं, आई, तर हा आवाज म्हणाला, आपण कोण बोलता? मी घाबरून फोन ठेवला. आई कुठेतरी गेली आणि तिच्या जागी कुणी दुसरंच बसलंय, असं वाटलं होतं.” मग हळूच म्हणाला, “आज पण तसंच वाटलं.”

सासूबाई मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग सुनेच्या. त्यांनी लॅपटॉपचं झाकण सावकाश मिटलं आणि तो दूर सरकवला. त्यानंतर त्यांनी त्याला हात लावला नाही. काही हवं असलं की चमच्यानं पेल्यावर वाजवायच्या.

मायक्रोफोन पुढे आला की सासूबाईंचा कुठला आवाज निघतो, हे घरातल्या पोळपाटालाही माहीत होतं, आणि सुनेला ते सुचलं नाही. जिनं उभ्या ऑफिसला एकच प्रश्न विचारून छळलं, तिनं चुकीचा आवाज तीन ठिकाणी जपून ठेवला होता.

मग शोधाशोध सुरू झाली. लग्नाचे व्हिडिओ काढले, कॅमेरा समोर म्हणून त्यात इस्त्री. मोबाइलवरचे जुने निरोप काढले, फोन हातात म्हणून त्यातही इस्त्री. घरचा आवाज कुणी टिपून ठेवलेलाच नव्हता. कोण कशाला टिपेल? जो पहाटेपासून फुकट आणि नको इतका मिळतो, त्याची प्रत घ्यावी असं कुणाला वाटतं? घर शांत पडलं होतं. त्या शांततेची या सुनेनं कितीदा मनातल्या मनात इच्छा धरली असेल. आता ती मिळाली तर तिला घरात बसवेना. ऑफिसमध्ये फाइल उडालेल्या एका लेखनिकाला तिनं सवयीनं विचारलं, “बॅकअप घेतला होता...” आणि वाक्य अर्धं सोडून ती पाणी प्यायला निघून गेली. ऑफिस चकित झालं.

त्यातच बीटाची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात आधीच केलेलं कुठलंही रेकॉर्डिंग देऊन आवाज शिकवता येणार होता, सोबत त्यातलं बोलणं टाइप करून द्यायचं. द्यायचं काय, हाच तर प्रश्न होता. शिवाय ती बसायला डिस्कवर जागा पुरेना.

“जुना भाग काढून टाक,” नवरा म्हणाला. “इतक्या दिवसांत कोण गेलंय तिकडे?”

कोणी गेलं नव्हतं, हे खरं. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेर होतीच. तिनं ठरवलं, की या रविवारी काढायचा. त्या सकाळी नवरा सासूबाईंना मलमपट्टी बदलायला घेऊन गेला. सून एकटी बसली. पुसण्याच्या बटणावर बोट गेलं आणि तिचा स्वभाव आडवा आला. टाकण्याआधी एकदा उघडून बघायचं. तिनं लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि जुनी सिस्टिम निवडली.

सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त एक फाइल अशी होती, जी बाहेरच्या डिस्कवर नव्हती. प्रत घेणं सुरू झाल्यानंतरची. नाव नसलेली, अवाढव्य. तिनं ती उघडली.

“एक, दोन, तीन,” तिचाच आवाज आला. आणि मागून, “अगं ए, हा नळ कुणी उघडा टाकला? पाणी काय तुझ्या कार्यालयातून फुकट येतं?”

खोलीत सासूबाई होत्या. फाटक्या, उंच, बिनइस्त्रीच्या. ती खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली, आणि तोंडावर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिली. सबंध दुपार त्यात होती. नळ, बिल, माहेर, तिची उलट उत्तरं, सगळं. ती हसत होती की रडत होती हे सांगायला तिथे कुणी नव्हतं, ते बरंच झालं.

मग त्यात तिचा आवाज म्हणाला, “आई, औषधं घेऊन येते,” आणि दार लागलं. थोडा वेळ नुसते आवाज. भांडं, पावलं, खुर्ची ओढलेली. मग अगदी माइकजवळ सासूबाई बोलल्या.

“काय रे डबड्या. तुझ्यात म्हणे माझा आवाज भरायचाय.” खोकला आला. “हा नाही हं द्यायचा मी. तिनं इतकी वर्षं हाच ऐकला. चांगला होता तो दिवसभर लोकांना वाटून टाकायचे. पगारच त्याचा होता ना. घरी येईपर्यंत संपलेला असायचा. मग निवृत्त झाले, पण तोवर ह्याचीच सवय झालेली. तिच्याशी गोड बोलायला गेले तर तिला वाटलं असतं, म्हातारीला काहीतरी झालंय.” पुन्हा खोकला. “आता झालंच आहे. तर उरलेला चांगला तिला देईन. निदान शेवटी तरी. आणि तू काही बोलायचं नाहीस तिला. बोललास तर फोडीन.”

पुढे पुन्हा भांडी वाजली.

सुनेला वाटलं होतं, सासूबाई चुकल्या, सवयीनं चुकल्या, आणि आपणही त्यांच्याबरोबर चुकलो. चूक नव्हतीच. बाईंनी आयुष्यभर लोकांना वाटून उरलेलं जे चांगलं होतं, ते जपून, घशात कळ येत असताना, रोज दार लावून तिच्यासाठी ठेवलं होतं. आणि तिनं ते ऐकून दाराकडे पाहिलं होतं, कोण परकं आलंय म्हणून. ही गोष्ट तिला अशी लागली, की बाहेर जिन्यात पावलं वाजल्यावर तिला उठून दार उघडणंही जमेना.

जुना भाग काढला नाही, हे सांगायला नकोच. जागेसाठी तिनं दुसरी डिस्क आणली. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, की आवाज सापडला. त्या दिवसापासून ऑफिसमधून आली की ती हेडफोन लावून बसायची आणि स्वतःला पडलेल्या शिव्या शब्द न शब्द टाइप करायची. सासूबाई संशयानं बघायच्या. पेल्यावर चमचा वाजवून भुवया उडवायच्या. ती म्हणायची, “ऑफिसचं काम आहे.” शेवटचा तुकडा, डबड्याशी केलेलं बोलणं, तिनं त्यात घातला नाही. तो वेगळा ठेवला आणि त्याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

आवाज तयार झाला त्या संध्याकाळी तिनं गॅसवर दूध ठेवलं, आणि लॅपटॉप सासूबाईंपुढे उघडा करून ठेवला.

“दोन आवाज आहेत आता. वरचा तुम्ही वाचलेला. खालचा दुसरा. हवा तो निवडा. दोन्ही राहतील, एकही काढायचा नाही.”

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. बोट आधी वरच्या आवाजापाशी थांबलं. मग खालच्यावर गेलं. त्यांनी टाइप केलं आणि बटण दाबलं.

“अगं ए, दूध उतू चाललंय तिकडे, आणि तू इथे खांबासारखी उभी.”

“दिसतंय मला,” सून फटकन म्हणाली. “दोनच हात आहेत मला.” ती स्वयंपाकघराकडे वळलीसुद्धा, आणि मग तिच्या लक्षात आलं आपण कुणाला उत्तर दिलं ते. तिथेच थिजली. आत दूध खरोखरच उतू जात होतं. नवरा नुकताच दुकानातून आला होता. हातातली पिशवी तशीच धरून तो दारात उभा राहिला, आणि “आई” एवढंच म्हणाला.

सासूबाईंचा हात गळ्याशी गेला होता. डोळे विस्फारले होते. आपलाच आवाज असा बाहेरून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. मग त्यांनी टाइप केलं, “कुठून आणलास?”

“जुन्या भागात होता. त्या दुपारी माइक चालूच राहिला होता.”

सासूबाईंची बोटं थांबली. ती दुपार त्यांना आठवत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी मान खाली घातली आणि यादीत वरचा आवाज निवडला.

“सगळं ऐकलंस का गं?” तो मऊ, स्वच्छ आवाज म्हणाला. या वेळी तो कुणाला परका वाटला नाही.

“हो,” सून म्हणाली.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि बोट पुन्हा खालच्या आवाजावर ठेवलं.

“मग गॅस बंद कर आता.”

सुनेनं जाऊन गॅस बंद केला.